गुरुवारचा गणिताचा क्लास

माझी धाकटी बहीण आठवीत असताना आजारी पडली. ताप नव्हता, खोकला नव्हता. शाळेतून आली की भिंतीकडे तोंड करून पडायची. केस विंचरायची नाही. ताट वाढलं तर नुसता भात चिवडत बसायची, मग कालवण सुरमईचं का असेना. आईला वाटलं, वयच असं असतं. बाबांना वाटलं, मोबाईल. मोबाईल तेव्हा घरात एकच होता आणि तो बाबांच्याच खिशात असायचा.

शेवटी पनवेलच्या एका डॉक्टरांनी आजाराचं नाव घेतलं. नैराश्य. मुलांनाही होतं, बरंही होतं, पण वेळ लागतो, म्हणाले. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांच्याच दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंकडे तिला आणायचं ठरलं.

आम्ही कळंबोलीत राहायचो. कोण कुठे चाललंय हे जिन्यातच विचारायची आमच्या बिल्डिंगची रीत. म्हणून पहिल्याच गुरुवारी आईने बजावलं, "कुणी विचारलं तर सांगायचं, गणिताचा क्लास. पनवेलला." आणि बहिणीच्या दप्तरात गणिताचं पुस्तक कोंबलं, वर कंपासपेटी.

मी कॉलेजात होते. पाणी, खड्डे, बंद पडलेले दिवे, यांवर विद्यार्थी संघटनेची पत्रकं लिहायचे, वाटायचे. माझं डोकंच फिरलं. मलेरिया झाला की शहाळी घेऊन लोक येतात. डॉक्टर कोण, गोळ्या कुठल्या, सगळं दारात उभं राहून सांगता येतं. मुलीचं मन आजारी पडलं की कंपासपेटी? हे मी आईला सुनावलंही.

आई म्हणाली, "तुझं पत्रक लोक वाचून फेकून देतात. माझ्या पोरीबद्दल ऐकलेलं फेकून देणार नाहीत."

मी दप्तर उचललं.

शेअर रिक्षाने तिला मीच न्यायचे आणि बाहेरच्या बाकावर बसून राहायचे. पहिल्या दिवशी परत येताना विचारलं, "काय बोललात?"

"काही नाही. बाई पण गप्प होत्या. बरं वाटलं."

घरच्यांसाठी बाईंचं सांगणं सोपं होतं आणि मला फार जड गेलं. "काय होतंय" म्हणून सारखं विचारू नका, उपदेश करू नका, नुसते जवळ बसा. मला गप्प बसायची सवयच नव्हती. आईला जमलं. ती वालाच्या शेंगा घेऊन बहिणीच्या गादीशेजारी सोलत बसायची. बऱ्याच दिवसांनी बहिणीने पडल्यापडल्याच हात पुढे केला आणि एक शेंग सोलली. पुढे एकदा कुणी न सांगता तिने केस धुतले. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईने मला चिमटा काढला. "एक शब्द बोलू नकोस."

मग एका गुरुवारी ती दप्तर खाली टाकून बसली. "मी नाही येणार."

"का? बाई काही बोलल्या?"

"बाई चांगल्या आहेत. पण मी गणितात ढ नाहीये, ताई! जिन्यात सगळे पाढे विचारतात मला."

खरंच होतं. वर्गात गणिताला तिच्याइतके मार्क कुणाला पडायचे नाहीत. पण आमच्या क्लासच्या गोष्टीने बिल्डिंगभर तिला कच्ची ठरवलं होतं. उपचार मध्येच सोडले तर ती पुन्हा त्या भिंतीकडे वळेल, हे बाईंनी आम्हाला स्पष्ट सांगितलं होतं. मी समजूत काढत होते, ती हलत नव्हती.

इतक्यात बेल वाजली. समोरच्या काकू. माहेर उरणचं, आवाज खणखणीत.

"काय गो, तुजी पोर कंच्या क्लासला जाते? जरा तोंडावर तेज आलंय तिच्या. माजीला पन घालते. गनितात नापास झाली बग भवानी."

आई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहिली. तिने आधी बहिणीकडे पाहिलं.

"क्लास नाही हो. डॉक्टरकडे नेतो तिला. मन आजारी आहे तिचं."

"म्हंजे डोक्याचं?"

"मनाचं. बरी होतेय."

"यवढ्याशा पोरीला कसलं टेन्शन? खायला हाय, शाला हाय..."

माझ्या जिभेवर अख्खं पत्रक तयार होतं. पण बहीणच आतून म्हणाली, "टेन्शन नसतं, काकू. नुसतं काहीच नको वाटतं."

काकूंनी दारातून वाकून तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "आनि मंग गनित?"

"ते येतं तिला," आई म्हणाली. "पहिल्यापासून."

"माजीला शिकवंल?"

"माहीत नाही," बहीण म्हणाली. "जमलं तर." आणि चपला घालून माझ्याआधी जिना उतरली.

त्या दिवशी आम्हाला उशीर झाला. बाई थांबल्या होत्या.

बिल्डिंगभर बोभाटा झालाच. खालच्या मजल्यावरच्या एकीने आपल्या मुलीला आमच्याकडे पाठवणं बंद केलं. आई त्या दिवशी न जेवता झोपली. उपचार दहावीपर्यंत चालले. मधे वाईट आठवडे आले, शाळा बुडली, पण "येणार नाही" असं बहीण पुन्हा म्हणाली नाही. जिन्यात कुणी विचारायचं, "डोक्याच्या डॉक्टरकडे का?" आई पिशवी सावरत म्हणायची, "मनाच्या," आणि पुढची पायरी चढायची.