बपेऱ्याच्या धुऱ्यावरचा संगमरवर

"संगमरवरासाठी राजस्थानपर्यंत कायले जाता, बाबा? आपल्या जिल्ह्यात आहे," असं मी १९७८ च्या हिवाळ्यात ठासून सांगितलं, आणि हा प्रवास घडला.

बाबांचं लाखनीत कापडाचं दुकान. मंदिराच्या नव्या फरशीचं काम पंचांनी त्यांच्यावर सोपवलं होतं. मी नागपूरला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. पुढे एम.एस्सी. करायचं मनात होतं, पण घरी तो विषय निघाला की बाबा उठून दुकानात जात.

या वेळी उठले नाहीत. "मले दाखव," म्हणाले, "मंग बोल."

जायचं होतं बपेऱ्याला. सकाळच्या एस.टी.ने आधी भंडारा, मग तुमसर. तुमसरला स्टँडबाहेर तर्री-पोहे जरूर खा, पण पाणी जवळ ठेवा. पुढची बपेऱ्याची गाडी दिवसातून दोनदाच असे, म्हणून आम्ही लाकडाच्या ट्रकमध्ये बसलो. ड्रायव्हरने दोघांचे मिळून दोन रुपये घेतले. धानकापणी झालेली, बांध्या, म्हणजे भातखाचरं, मोकळी. दगड बघायला याहून चांगला मोसम नाही.

कॉलेजातल्या सरांनी सांगितलेला पांढरा दगड एका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, वर आलेला होता. शेतकरी सखारामभाऊ बैल सोडून आले.

"बाई, हे गारगोटी होय."

मी दगडावर सोबत आणलेल्या आम्लाचा थेंब टाकला. संगमरवर असेल तर फसफसायला हवं होतं. काहीच झालं नाही. सखारामभाऊ हसले. बाबा दुसरीकडे बघू लागले.

मग आठवलं, काही संगमरवर नुसत्या थेंबाला दाद देत नाही. चाकूने खरवडलं. दगडावर ओरखडा उमटला, पांढरी भुकटी निघाली. गारगोटी अशी खरवडली जातच नाही. भुकटीवर थेंब टाकला आणि बारीक बुडबुडे उठले. बाबा उकिडवे बसून बघत राहिले.

"हा आला कुठून?"

"इथं समुद्र होता, बाबा. तळाशी चुन्याचा गाळ बसला, त्याचा दगड झाला. मग तो खोल गाडला गेला, तापला, दाबला गेला आणि असा दाणेदार झाला."

"माह्या धुऱ्यावर समुद्र!" सखारामभाऊ बैलांकडे बघून म्हणाले.

मी जिंकले होते. पण दगडाभोवती फिरताना दिसलं, वीतभर अंतरावर भेगाच भेगा. मलाच सांगावं लागलं, "संगमरवर आहे, पण फरशी निघणार नाही. मोठी लादी कापली तर फुटेल."

बाबांनीच एक तुकडा पिशवीत टाकला. नमुना घेऊन आम्ही तुमसरच्या एका मिस्त्रीकडे गेलो. त्याने हातोडी मारून माझं म्हणणं खरं ठरवलं आणि वर म्हणाला, "लादी कायले पाहिजे? याची बारीक गिट्टी करा, खडीसारखी. मोझेक मस्त होते."

मंदिरात मोझेकच झाली. पॉलिश झाल्यावर पंचही वाकून बघत होते.

पण त्याआधी, त्याच दिवशी परतताना एस.टी.त, भंडारा यायच्या आधी, बाबांनी विचारलं, "एम.एस्सी. किती वर्षांची रायते?"

"दोन."

"भर फारम."

मला वाटलं, बुडबुड्यांनी काम केलं. घरी आल्यावर ते आईला सांगत होते, "दगड तं कोनीबी दाखवंल. आपली चूक हिनं तिथंच, लोकाईसमोर कबूल केली. अशी पोर शिकाले पाहिजे." मी दाराशी चपला काढत उभी होते. आत जायला जरा वेळच लागला.