आकडा नसलेली भाकरी

हॉस्पिटलमधून फोन आला तेव्हा मी मुगाच्या डाळीत पालक घालत होतो. डॉक्टरांनी ताईला घरचं, कसदार जेवण द्यायला सांगितलं होतं. "लगेच या," एवढंच पलीकडून म्हणाले. बिबवेवाडीहून स्वारगेटपर्यंत एकही सिग्नल हिरवा मिळाला नाही... मी घाईनं भरलेला डाळीचा डबा मांडीवर घट्ट धरून रिक्षात बसलो होतो. पोचलो तेव्हा ताई गेलेली होती. याला आता दीड महिना झाला.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवलं, लग्न केलं नाही, आमच्या मागच्याच गल्लीत एकटी राहायची. रविवारी मार्केट यार्डातून पालेभाज्यांच्या जुड्या आणायची आणि निम्म्या आमच्या दारात ठेवून जायची. जेवण रीतसर: बाजरीची भाकरी, तूप, शेंगदाण्याची चटणी. वर्षापूर्वी तिला मधुमेह निघाला आणि मी तिचा ताबाच घेतला. मी स्वतः कॅलरी मोजून बारा किलो उतरवले होते. तेवढ्यानं माणूस किती शेफारतो, हे तेव्हा कळलं नाही. "ताई, दिवसाला बाराशे. जे मोजता येत नाही ते खायचंच नाही," मी बजावलं. "बरं, हेडमास्तर," ती म्हणाली.

रोज रात्री मोबाइलवर तिचा आकडा यायचा. अकराशे ऐंशी. अकराशे नव्वद... बाराशेच्या वर कधी नाही. वजन उतरत होतं. ती जिना चढताना मध्येच थांबायला लागली, केस विरळ झाले, तरी मी आकडाच बघत राहिलो. बायको दोनदा म्हणाली, "अहो, ताईंच्या चेहऱ्याकडे बघा एकदा." मी तिलाच गप्प केलं.

मग ताई बाथरूममध्ये पडली. रक्त कमी, अंगावर मांस नाही, त्यात न्यूमोनिया. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "या खातात काय?" मी अभिमानानं मोबाइल पुढे केला. त्यांनी तो हातातही घेतला नाही. "आकडे नकोत. ताटात काय असायचं ते सांगा." मला सांगता येईना. ताईनंच पडल्या पडल्या सांगितलं. सकाळी खारी, दुपारी डाएट चिवडा, रात्री पाकिटातलं सूप आणि बिस्किटं.

"आणि भाजी-भाकरी?"

"पाकिटावर आकडा छापलेला असतो हो," ताई म्हणाली. "भाकरीच्या पाठीवर कुठे असतो?"

एरवी ताई टोमण्यांत तरबेज, पण यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. माझा शब्द तिनं इमानानं पाळला होता, आणि त्यापायी स्वयंपाकच सोडला होता.

न्यूमोनिया कुणालाही होतो, स्वतःला बोल लावू नका, असं डॉक्टर नंतर म्हणाल्या. मी लावतो. झगडायला तिच्या अंगात काही उरलंच नव्हतं, आणि ते मी उरू दिलं नाही.

गेल्या आठवड्यात तिचं स्वयंपाकघर आवरायला गेलो. शेंगदाणे, मटकी, नाचणी, बाजरीचं पीठ... प्रत्येक डब्यावर तिच्या वळणदार अक्षरातली चिठ्ठी. 'शेंगदाणे, एक मूठ =' आणि पुढे कोरी जागा. 'भाकरी, एक =' आणि पुढे कोरी जागा. आकडा कळला की भरणार असावी. तिनं मला विचारलं नसेल, किंवा विचारलं असेल आणि मी "बघू नंतर" म्हटलं असेल. खूप आठवून पाहिलं, आठवत नाही. बाजरीचं पीठ केव्हाच कडू झालं होतं. ते मला फेकवलं नाही.