आजीच्या माहेराला फास

स्पेसिओझाबाई बावीस वर्षं दलदलीकाठच्या शाळेत शिकवत होत्या. गाव त्यांना बाप्तिस्म्याच्या नावानंच ओळखे; त्यांचं कूळ कधी कुणी विचारलंच नाही. ‘क्रौंच पक्षी वाचवा’ हा धडा मुलं घडाघडा म्हणत आणि घरी जाऊन त्याच क्रौंचांसाठी फास लावायला बापाला मदत करत. बाईंचं डोकं फिरे.

जुळ्यांचा बाप सालोंगो तर तोंडावर म्हणे, “माझं कूळ मंबा माशाचं. मी मंबा खात नाही. क्रौंच माझा कोण लागतो? मेला माझा मका उकरतो!”

युगांडातल्या या बुगांडा भागात आपल्या कुळाच्या प्राण्याला कुणी हात लावत नाही. दुसऱ्याचा मात्र खुशाल मारतात. आईच्या कुळालाही मान द्यायचा असतो, हे सगळे सोयीनं विसरले होते. बाईंनी पुस्तक मिटलं आणि प्रत्येक मुलाला आईचं, दोन्ही आज्यांचं कूळ घरी विचारून यायला सांगितलं. फळा भरला, तेव्हा दलदलीतला क्वचितच एखादा प्राणी बिननात्याचा उरला होता.

दुसऱ्या दिवशी सालोंगो तारेचे फास घेऊन शाळेत येऊन आदळला.

“घ्या हे! पोरगी जेवेना. म्हणते, ‘बाबा, तुम्ही आजीच्या माहेराला फास लावलात!’ क्रौंच सोडले मी. पण बाई, माकडांचं कूळ तेवढं शोधू नका. खरी नासाडी तीच करतात. त्यांना तरी झोडपू द्या.”

बाईंनी फास कपाटात टाकले आणि खुर्ची पुढं सरकवली.

“बसा, सालोंगो. माकड माझ्या कुळाचं.”