मधल्या मापाची गाडी

आमच्या ह्यांनी जन्मभर लोकांच्या कवळ्या बनवल्या, आणि घरी आल्यावर आगगाड्या. लग्न ठरताना मला सांगितलं होतं, मुलगा निर्व्यसनी आहे. कप्पाळ! मागच्या खोलीत भिंतीला लागून फळ्या, फळ्यांवर छोटे रूळ, आणि मला तिथे केर काढायचीही चोरी.

बरं, अशा गाड्या दुकानात तयार मिळतात, त्या आणाव्यात ना? नाही. ह्यांना हवी एस स्केल, म्हणजे खऱ्या गाडीचा चौसष्टावा भाग. त्याहून मोठी घेतली तर तिला वळायलाच अख्खा हॉल लागतो, आणि हॉल द्यायला मी साफ नकार दिला होता. लहान, ती सगळीकडे मिळणारी, ती ह्यांना पटायची नाही. हातात घेतली तर वजनच लागत नाही म्हणायचे, आणि दाराची कडी बघायला भिंग शोधा. मधली मात्र हाताला भरीव लागते, रुळांवरून जाताना गाडीसारखी वाजते, आणि मागच्या खोलीत मावते. पण घोडं पेंड खायचं ते एकाच ठिकाणी. ह्या मापाचं बनवणारे फार थोडे. दिवे, पायऱ्या, कठडे, सगळं आपणच घडवायचं. आपला हात जगन्नाथ. खरं सांगू, ह्यांना तेच तर हवं होतं. माझे टोमणे ऐकत पितळेची तार वाकवत बसायचे, अगदी सुखात.

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला, पाठोपाठ डावा. आधी म्हणाले, थंडीमुळे असेल. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि स्पष्टच सांगितलं की ही थरथर वाढत जाणार. कवळ्यांचं काम सुटलं. पण एक इंजिन अर्धवट राहिलं होतं, त्याच्या कडेचा तारेचा कठडा तेवढा बसवायचा होता. रोज खोलीत जायचे, आणि थोड्या वेळाने चिमटा खाली पडल्याचा आवाज यायचा. मी स्वयंपाकघरात कानांत प्राण आणून उभी. वाटायचं जावं, पण धीर व्हायचा नाही.

मुलाला फोनवर सांगितलं. त्या बिचाऱ्याने लहान मापाचा तयार संच पाठवला, खोक्यातून काढा आणि चालवा. ह्यांनी त्यातलं इंजिन आपल्या रुळांवर ठेवून पाहिलं, तर ते दोन रुळांच्या मधेच पडलं. "छान आहे" म्हणाले आणि खोक्याला झाकण लावलं.

शेवटी मीच कंबर कसली. म्हटलं, तुम्ही सांगा, मी बसवते. एवढे स्वेटर विणलेत, एक तार नाही का वाकवता येणार? हे शेजारी बसून सांगायला लागले. थोडं आत. अंहं, एवढं नाही. जरासं... तसं नव्हे. माझी तार मोडायची, मी दुसरी घ्यायची, तीही मोडायची. मग माझं डोकंच फिरलं.

"अहो, नीट सांगा ना. थोडं म्हणजे किती?"

ह्यांनी बोटं हवेतच वाकवून पाहिली, तार धरल्यासारखी.

"मला नाही गं माहीत. हाताला माहीत होतं."

इतकं वाईट वाटलं मला, आणि रागही आला, कुणाचा ते कळेना. काहीतरी बोलायचं म्हणून बोलत सुटले, की आपण मोठ्या मापाची आणू, हॉल घ्या अख्खा, सोफा मी देऊन टाकते, मोठ्या गाडीला एवढी नाजूक बोटं लागायची नाहीत. ज्या हॉलवरून इतकी वर्षं भांडले, तो एका दमात देऊन मोकळी झाले. त्यांनी इंजिन उचलायला हात पुढे केला. ते हातात खडखडायला लागलं, तसं परत फळीवर ठेवलं.

"आता सगळी मापं सारखीच," म्हणाले.

मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले. माझ्या हातांतही ते हलतच राहिले.