साखर धरणारं प्रथिन आणि आमच्या आत्या

माझा मुलगा बालवाडीच्या वयाचा झाला, तरी खोकत बहुतेक घरीच असायचा. सासूबाईंनी, मी त्यांना आत्या म्हणते, निदान कधीच करून टाकलं होतं: अक्कलकोटचं रक्त. म्हणजे माझं माहेर. आमच्या घराण्यात असलं काही नाही, हे त्या भाजीवालीलाही ऐकवायच्या. मी हसण्यावारी न्यायचे आणि न्हाणीघरात जाऊन रडायचे.

शेवटी डॉक्टरांनी त्याचं रक्त पुण्याला तपासायला पाठवलं. आम्हाला सोपं करून सांगितलं, की जंतूंच्या अंगावर एक प्रकारची साखर असते. यकृतात बनणारं एक प्रथिन ती साखर ओळखून जंतूला धरतं, मग शरीर त्याचा समाचार घेतं. ते बनवणारं जनुकच बिघडलेलं असेल, तर प्रथिन कमी पडतं.

झालं! प्रथिनाला धरायला साखर पुरवायचं आत्यांनी मनावर घेतलं. सकाळी दाणे-गुळाची शेंगापोळी, दुपारी शेंगापोळी, वर दुधात गूळ. पोरगं खोकत खोकत गोलमटोल झालं, जंतूंचा केसही वाकडा झाला नाही. साखर जंतूच्या अंगावरची हो, आपल्या डब्यातली नव्हे, असं मी म्हटलं, तर तुला लई कळतं म्हणाल्या.

रिपोर्टच्या दिवशी आत्या हट्टानं सोबत आल्या, माझी खोट स्वतःच्या कानांनी ऐकायला. डॉक्टर म्हणाले, जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आहेत. एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. पुष्कळांत असतं, वय वाढेल तसा त्रास कमी होईल. मला इतकं हलकं वाटलं! आत्यांकडे वळून बघायचा मोह काही आवरला नाही.

परतताना भाजीवालीनं हाक मारली, तरी आत्यांनी रिक्षा थांबवू दिली नाही.

दिवेलागणीला त्या रोज नातवाची दृष्ट काढतात. त्या दिवशी मीठ-मोहरी-मिरच्या माझ्या हातात दिल्या आणि स्वतःच पाटावर बसल्या.

"ह्याचा बाप बी असाच खोकायचा," त्या म्हणाल्या. "तवा माझी सासू म्हणायची, माझ्या माहेरच्या, मोहोळच्या रक्तातच खोट हाय. आज माझी काढ. मग मी तुझी काढते."

मी ओवाळून मिरच्या तापल्या तव्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट होती, लागला तर नव्हती, असं आमच्याकडे मानतात. दोघींनाही असा ठसका लागला की बोलता येईना.

"नव्हतीच," डोळे पुसत आत्या म्हणाल्या. "तुझी बी नव्हती, माझी बी नव्हती."