अमेरिकेत पास झालेला पाइप

उमरग्याजवळच्या आमच्या साखर कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी; पण वाफेचे पाइप जोडणारे एक वयस्क मिस्त्री माझं सुरक्षेचं पत्रक कधीच घेत नाहीत. "वाचून वाफ थांबती व्हय?" म्हणतात. मला संताप येतो. पण पाइप कापण्याआधी त्यावरचा तपासणीचा नंबर ते होणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर ठोकतात, न चुकता; म्हणजे कुठला तुकडा कुठल्या पाइपचा ते कळतं.

परवा सरकारी बॉयलर खात्याचा तपासणीचा शिक्का नसलेला पाइप वर बसवायला क्रेनला बांधला होता.

"मिस्त्री, अमेरिकेच्या नियमात पास आहे हा!" मॅनेजर ओरडला.

"मग अमेरिकेत बसवा, साहेब. इथं खाली आमची माणसं उभी राहत्यात."

मॅनेजरनं क्रेनवाल्याला खूण केली. मिस्त्री सरळ पाइपवर बसले, भाकरीचं फडकं सोडलं. "उचल, मला बी उचल."

क्रेन बंद झाली. मी पत्रक पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, त्यावर चटणी ठेवली आणि सरकून मला जागा दिली.