खंडेनवमीचा कॅमेरा

आमच्या घरातला पहिला व्हिडिओ कॅमेरा ज्या दिवशी पहिल्यांदा वापरायचा होता, नेमक्या त्याच दिवशी त्याची पूजा झाली.

पूजा झाली तर बिघडलं कुठे, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी तसंच वाटलं होतं.

मी विमा कंपनीतला माणूस. कंपनीने कऱ्हाडहून उचलून जयपूरला टाकलं, तेव्हा वैशाली नगरात घर घेतलं. भाड्याचंच. घरात बायको सुनंदा आणि मुलगी मुक्ता. जयपूरला येऊन मुलगी कथक शिकली नाही तर शेजारीपाजारी काय म्हणतील, या विचाराने आम्ही मुक्ताला क्लासला घातलं. तिला ते मनापासून आवडलं, ही आमची कमाई नव्हे. तिच्या पायांतले घुंगरू माझ्या आईने कऱ्हाडहून पाठवले होते. सोबत निरोप होता, "पहिल्यांदा स्टेजवर नाचशील तेव्हा मी पहिल्या रांगेत बसणार."

कार्यक्रम ठरला नवरात्रात. आईचं तिकीट काढून झालं आणि आई परसात घसरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी प्रवासाचं नावसुद्धा काढायचं नाही म्हणून बजावलं. इकडे मुक्ताने घुंगरू पिशवीत भरून पिशवी कपाटावर टाकली.

"आजी नाही येणार तर मी पण नाही नाचणार."

पोरीचा चेहरा बघवेना. मी म्हणून गेलो, "आजी नाही आली तर तुझा नाच आजीकडे जाईल. मी फिल्म काढतो."

"तुम्ही?" सुनंदाने विचारलं. (माझ्या धाकट्या भावाच्या लग्नातले फोटो मी काढले होते. त्या अल्बममध्ये आमच्या सगळ्या नातेवाइकांच्या साड्या आणि पँटी अगदी स्पष्ट आल्या आहेत. डोकी नाहीत.)

मुक्ताने मात्र विश्वास ठेवला. "पक्का, बाबा? मतलब, आजी पूर्ण बघणार? शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत," मी म्हणालो. त्या एका शब्दावर पिशवी खाली आली. आता मागे फिरायची सोय उरली नव्हती.

मग मी अभ्यासाला लागलो. टेपवाला कॅमेरा घ्यावा की छोट्या डिस्कवाला? टेपमधलं चित्र कॉम्प्युटरमध्ये उतरवायचं कसं? आणि उतरवल्यावर कापायचं, जोडायचं कशाने? ऑफिसात विम्याचा हप्ता भरायला आलेल्या माणसालासुद्धा मी कॅमेऱ्याबद्दल विचारू लागलो. शेजारच्या राठौडजींनी तर माझी शाळाच घेतली. "भाईसाहब, कैमरा कोई भी लो, असली चीज तो एडिटिंग है," असं ते दर भेटीत सांगत. (त्यांच्याकडे कॅमेरा नव्हता आणि एडिटिंगही नव्हतं. पण मत होतं.)

शेवटी राजा पार्कातल्या एका दुकानातून काडेपेटीएवढ्या टेपवर चालणारा कॅमेरा घेतला. चित्र उतरवायला कॉम्प्युटरमध्ये एक कार्ड बसवावं लागतं, असं वाचलं होतं. दुकानदाराने एक खोका पुढे केला.

"इसमें सब आता है?" मी विचारलं.

"सर, सब आता है," तो छातीठोकपणे म्हणाला. मीही तितक्याच छातीठोकपणे खोका घेऊन घरी आलो.

कार्यक्रमाचा दिवस खंडेनवमीचा होता. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची आणि अवजारांची पूजा होते, हे मला ठाऊक होतं. सुनंदा दरवर्षी पाटावर विळी, कात्री, माझा एकुलता एक पाना आणि मुक्ताची पुस्तकं मांडते, हेही ठाऊक होतं. त्या सकाळी मी कॅमेऱ्यात नवी टेप घातली आणि चहाला हाक आली म्हणून तसाच टेबलावर ठेवून उठलो. चहा पिऊन आलो तर कॅमेरा पाटावर! विळीशेजारी, भिंगाच्या टोपीवर कुंकवाचं बोट, गळ्यात झेंडूची माळ.

"अगं, हा आज लागणार आहे मला."

"पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलत नाहीत," सुनंदा म्हणाली.

"हे हत्यार आहे का?"

"नव्या वस्तूला आपणच नाही पुजलं तर कोण पुजणार? आता आईंना विचारा. मी काही उचलू देणार नाही."

मी कऱ्हाडला फोन लावला. आई पलंगावर पडून होती, पण आवाज खणखणीत.

"आज उचलायचं नाही," तिने निकाल दिला.

"अगं आई, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं."

"माझ्यासाठी देवाला कशाला मधेच उठवतोस?" नात नाचणार आणि आपल्याला दिसणार नाही, हे बहुतेक एवढं बोलल्यावर तिच्या ध्यानात आलं असावं. "असं कर," ती हळूच म्हणाली, "दहीभाताचा नैवेद्य दाखव, उत्तरपूजा करून टाक, अक्षता वाहा आणि घे उचलून. देवाला कळतं सगळं."

मला इतकं हायसं वाटलं की अक्षता मी बोटांनी वाहिल्या नाहीत, मुठीने वाहिल्या. टेप घालून कॅमेऱ्याचं दार लावायचं राहिलं होतं, हे अक्षता टाकून झाल्यावर दिसलं. मी ते घाईने लावून टाकलं. आतून एक बारीक कुरकुर ऐकू आली. नव्या वस्तूंचं असंच असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली.

हॉल भरला होता. मी आणि सुनंदा दुसऱ्या रांगेत. माझ्या पलीकडे साफा बांधलेले एक अनोळखी भारदस्त गृहस्थ. मुक्ता आली, तिने वाकून नमस्कार केला, पाय वाजू लागले आणि मी शूटिंग सुरू केलं. चित्र सुरेख दिसत होतं. डोकंसुद्धा चौकटीत होतं. मी सुनंदाला कोपराने डिवचून ते दाखवलंही.

आणि कॅमेरा खर्रर्र करून बंद पडला.

दार उघडलं, टेप ओढली, तर तिच्याबरोबर तपकिरी फीत लांबच लांब बाहेर आली. तिकडे पोरगी आजीसाठी नाचतेय आणि इकडे मी मांडीवर फितीचं जाळं घेऊन बसलोय.

"द्या इकडे," सुनंदा म्हणाली. तिने फीत हलक्या हाताने सोडवली, कॅमेरा पालथा केला आणि मागून थापट्या मारल्या. हळद लागलेला तांदळाचा एक दाणा तिच्या पदरात पडला. तिने माझ्याकडे पाहिलं, बोलली काहीच नाही. (ते न बोलणं मी अजून ऐकतो.) मग दुसरी टेप घालून कॅमेरा तिने स्वतःच्या मांडीवर घट्ट धरला.

"लाल दिवा लागलाय. तुम्ही आता हात लावू नका. पोरीकडे बघा."

मी पोरीकडे बघितलं. सुनंदाही तिकडेच बघत होती. कॅमेरा कुठे बघतोय, हे बघायला मात्र कोणीच उरलं नव्हतं.

घरी येऊन मी नवं कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवलं. कॅमेऱ्याची वायर त्याच्या एकाही भोकात जाईना. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या दुसऱ्या वायरने कॉम्प्युटरमध्ये नुसते फोटो यायचे, व्हिडिओ नाही. मी दुकानात गेलो.

"सर, यह तो कंप्यूटर पे टीवी देखने का कार्ड है," दुकानदार म्हणाला.

"आप तो बोले थे, सब आता है."

"आता है ना, सर. सब चैनल आते हैं."

फायरवायर नावाचं बरोबर कार्ड आणून एकदाचं चित्र उतरवलं. पहिल्या टेपमध्ये नमस्कार आणि सुरुवातीचा थोडा नाच स्वच्छ होता. पुढे चुरगळलेल्या फितीमुळे पडद्यावर रंगीत चौकोनांचा सडा, आणि त्यातून अधूनमधून मुक्ताचं एक कोपर. ठीक आहे, दुसरी टेप आहे ना, असं म्हणत मी ती लावली.

दुसऱ्या टेपमध्ये मी होतो.

फक्त मी. पहिल्या चकरीपासून शेवटच्या टाळीपर्यंत. सुनंदाच्या मांडीवरच्या कॅमेऱ्याचं तोंड माझ्याकडे होतं आणि त्याने इमानेइतबारे माझं शूटिंग केलं होतं. मागून तबला आणि घुंगरू वाजतायत आणि पडद्यावर मी, कॅमेऱ्याच्या धांदलीत आठवडाभर दाढी राहिलेली, तोंड उघडं टाकून ढसाढसा रडतोय. बाहीला नाक पुसतोय. मधेच माझा हात ताल धरतो, तोही साफेवाल्या गृहस्थांच्या गुडघ्यावर. ते बिचारे गुडघा सरकवतात. माझा हात गुडघ्यामागे जातो.

हे आईकडे जाणार नाही, एवढं मी ठरवलं. कॉम्प्युटरबरोबर फुकट आलेला एडिटिंगचा छोटा प्रोग्राम होता, पण तो मी पोरखेळ म्हणून बाजूला सारला आणि ज्यावर खरे सिनेमे कापतात असं भलंमोठं सॉफ्टवेअर आणलं. त्यात एका दृश्यातून दुसऱ्यात जायच्या इतक्या तऱ्हा होत्या की मला दृश्यं कमी पडायला लागली. रोज सकाळी ऑफिसच्या आधी मी बसायचो. पान उलटत होतं, पडदे सरकत होते, पत्त्यांतले लाल बदाम उडत होते. जेवढा नाच हाताशी होता तो मी संथ केला, उलटा केला, परत परत जोडला. शेवटी मोठ्या ऐटीत मुक्ताला दाखवला.

तिने सगळा बघितला. मग म्हणाली, "बाबा, ह्यात मी फक्त नमस्कारच करतेय."

"अगं, पण बदाम बघ ना किती..."

"तुम्ही शेवटपर्यंत म्हणाला होता." तिचे डोळे भरून आले. "आजीला मेरा डान्स कुठे दिसला?"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि ऑफिसला निघून गेलो. कॅमेरा, कार्ड, सॉफ्टवेअर सगळं निवडून मी पोरीला दिलेला एक शब्द पाळू शकलो नव्हतो आणि त्याचं मला खरोखर वाईट वाटत होतं.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. आई होती.

"सीडी बघितली रे. शेवटपर्यंत."

"कुठली सीडी?"

मी सुनंदाकडे वळलो. ती शांतपणे शेंगा सोलत होती. "मी आणि मुक्ताने केली," ती म्हणाली. "त्या फुकटच्या प्रोग्राममध्ये. दोन्ही टेपा सरळ जोडल्या, काही कापलं नाही. तुमच्या ऑफिसातले देशपांडे कऱ्हाडला गेले ना, त्यांच्याबरोबर पाठवली."

मी घाईने फोनमध्ये म्हणालो, "आई, ते दुसऱ्या टेपमधलं..."

"तू थांब. मुक्ताला दे."

मुक्ताने फोन घेतला. आईचा आवाज एवढा मोठा की मला सगळं ऐकू येत होतं.

"छान नाचलीस गं बाई. पाय एकदाही चुकला नाही."

"पण आजी, पाय तर दिसतच नव्हते."

"घुंगरू ऐकू येत होते की. आणि तुझा बाप होता ना समोर. तू गिरकी घेतलीस की त्याची मान हलायची. तू जोरात पाय वाजवलास की हा दचकायचा. तू समेवर येऊन थांबलीस की ह्याचं तोंड एकदाचं मिटायचं. मला सगळा नाच दिसला बघ."

मुक्ता आधी हसायला लागली, मग हसता हसता रडायला लागली. सुनंदाने शेंगांच्या ताटावरून माझ्याकडे पाहिलं आणि त्या वेळी मला या बाईचे किती आणि कसे आभार मानावेत ते कळेना. मी तिच्यासमोर बसलो आणि शेंगा सोलायला लागलो.

मुक्ताने फोन परत माझ्या हातात दिला. आईचा आवाज आता हळू झाला होता.

"शाळेत जायला लागल्यापासून तू माझ्यासमोर असा मोकळा रडला नव्हतास रे. परत लावून बघितली मी."

मी बाहीला नाक पुसलं.

"एकच सांगते," ती म्हणाली. "शेजारपाजारच्या सगळ्यांना बोलावून दाखवली मी. सगळ्या बायका विचारत होत्या, पोरीच्या बापाचं काही बिनसलंय का, दाढी का वाढवलीय म्हणून."

आता ओळखीचं कोणी नवा कॅमेरा घ्यायला निघालं की सल्ल्यासाठी माझ्याकडे येतं. कोणता घेऊ, कार्ड कुठलं, एडिटिंग कशावर करू, असं विचारतं. मी अनुभवी माणसाच्या आवाजात सांगतो, कुठलाही घ्या, काही फरक पडत नाही. फक्त निघताना दाढी करून जा.